दम

पंचांनी शिट्टी मारली तेव्हा शिवकन्या दोघींना शिवून मध्यरेषेवर परतली होती. हात वर करून ती वळली, तर पंचांचा हात समोरच्या संघाकडं होता. गुण देगलूरच्या मुलींना गेला होता.

मंजुश्रीबाई धावत मैदानात आल्या. लातूरकडच्या सरकारी निवासी मूकबधिर शाळेत त्या खेळ शिकवायच्या. ऐकू येणाऱ्या मुलींविरुद्ध त्यांचा संघ आज पहिल्यांदाच उतरला होता.

"दम कुठं हाय, बाई?" पंच व्यंकटी मास्तर म्हणाले. "चढाईला आली तर कबड्डी कबड्डी ऐकू आलं पायजे. ऐकू येऊन राहिलं का तुम्हाला?"

"सर, तिला ऐकूच येत नाही."

"हाव. पण मला येतं ना. कायदा मी केलेला न्हाई."

कायदा खरा होता. बाईंनी सरावात मुलींना नुसते ओठ हलवायला शिकवलं होतं. आवाजाचं त्यांनी मुद्दाम टाळलं होतं. देवणीला एका लग्नात लहानग्या शिवकन्येनं गर्दीत आईला हाक मारली होती. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मावशीनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून शिवकन्येनं चारचौघांत गळ्यातून आवाज काढला नव्हता. वसतिगृहातल्या प्रत्येकीच्या वाट्याला असा एखादा दिवस आला होता.

बाईंनी हातांच्या खुणांनी मुलींना सगळं सांगितलं. मग विचारलं, "सोडून द्यायचा का सामना?"

शिवकन्येनं वेणी मागं बांधली आणि चढाईला गेली.

आवाज फुटला. जाड, घोगरा, मधेच चिरकणारा. त्यात 'कबड्डी' ओळखू येत नव्हतं. मैदानाच्या भिंतीवर बसलेली माणसं हसली. एकानं नक्कल केली. शिवकन्येला त्यांचे दात दिसले. तिचा आवाज खाली गेला आणि दुसऱ्याच क्षणी दुपटीनं वर आला. तिघींनी तिला कंबरेला, पायाला धरून खाली पाडलं. ती ओरडत, फरफटत पुढं सरकली आणि तिची बोटं मध्यरेषेला लागली.

व्यंकटी मास्तर जरा घुटमळले. "आवाज आला," ते म्हणाले, "शब्द न्हाई आला." त्यांचा हात पुन्हा देगलूरकडं गेला.

बाई खुणा करायला पुढं झाल्या. शिवकन्येनं त्यांचा हात बाजूला केला. गुडघ्यातून रक्त येत होतं. ती मध्यरेषेवर उभी राहिली, भिंतीकडं तोंड केलं आणि पुन्हा ओरडू लागली. राजकन्या, संघातली सगळ्यात बुटकी, तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिनंही तोंड उघडलं. मग बाकीच्या आल्या. बाद होऊन बाहेर बसलेल्याही आल्या. वर्षानुवर्षं मिटून ठेवलेले गळे, प्रत्येकीचा सूर निराळा.

मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली, पण ती वाजवली नाही. भिंतीवरचं हसणं हळूहळू बंद झालं.

सामना शेवटी देगलूरनंच जिंकला. पण त्याआधी सातजणी दम संपेपर्यंत ओरडल्या. त्यातलं काहीच त्यांना ऐकू आलं नाही. ऐकावं लागलं ते बाकी सगळ्यांना.