ठेंगणं दार

जावातल्या बंडाच्या वेळी डच कॅप्टन हेसलिंकने जे गाव जाळलं, त्याचीच जमीन त्याला इनाम मिळाली. पलटण सोडून त्याने राखेवर कॉफी लावली. मजूर मात्र मळ्यात चालताना ठरावीक जागी मान खाली घालत आणि दोन पावलांनी पुन्हा ताठ होत. वर साधी फांदीही नव्हती. आज भरदुपारी त्याने म्हाताऱ्या सारिन्तेनला हटकलं. “कुणाला मुजरा करतेस गं?” “मुजरा कसला, साहेब! माझ्या लेकाच्या घराचं दार ठेंगणं आहे.” “कुठंय दार?” “तुम्हीच नाही का पेटवलंत?” हेसलिंक खो खो हसला. “बघ, मी कसा ताठ जातो!” “वाकून जा हो,” ती कुजबुजली, “आत पोरं जेवताहेत.” छाती काढून तो पुढे निघाला आणि कपाळ धरून मागे कोसळला. सारिन्तेनने फडक्याने ते पुसलं. रक्त नव्हतं. काजळी होती, अजून गरम.