फाऊल नव्हे, फाऊल टिप

सॉफ्टबॉलचा अंतिम सामना शेवटच्या डावात बरोबरीत अडला होता. एकच गडी बाद. तिसऱ्या बेसवर धाकटी बहीण, फलंदाजीला संघाची हुकमी थोरली. तिचे दोन स्ट्राइक झाले होते; तिसरा झाला की बाद. पुढचा चेंडू बॅटला चाटून थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरला. "फाऊल! माघारी फिर!" प्रशिक्षक धाकटीवर ओरडले. कॅचर चेंडू मिरवत नाचू लागली. थोरलीला वाटलं, सगळं मातीत गेलं. तोच पायांशी घसरत धाकटी होमप्लेटवर पोचली. पंच म्हणाले, "चेंडू पडता तर फाऊल, खेळ थांबला असता. झेलला, म्हणून फाऊल टिप. फलंदाज बाद, पण खेळ चालू. धाव धरली!" सामना जिंकला! मैदान दणाणलं. धाकटी कावरीबावरी. "ताई, तू बाद झालीस, तरी मी पळाले. रागावलीस?" थोरलीने तिच्या गुडघ्यावरची धूळ झटकली. "आजवर लोक तुला माझी बहीण म्हणायचे. आता मला तुझी ताई म्हणतील. म्हणू देत, कार्टे!"