नायोबियमच्या दोन दांड्या

दांडी तुटली तेव्हा घड्याळ चारशे बारा तासांवर थांबलं होतं.

लिंदाउराने भट्टीचं दार उघडलं आणि चिमट्याने दोन्ही तुकडे काढून विटेवर ठेवले. साडेनऊशे अंशांच्या धगीत, खाली वजन टांगलेलं असताना, ही बोटभर दांडी हजार तास तरी टिकायला हवी होती. पाठवणाऱ्यांनी, म्हणजे किनाऱ्यावरच्या तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याने, पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या भट्टीच्या नळ्यांसाठी केलेलं, नायोबियम हा धातू घातलेलं पोलाद. दोन दांड्या पाठवत आहोत. तपासा आणि कळवा.

"भट्टी जास्त तापली असणार," प्रयोगशाळेचे मालक सेउ वाल्दोमिरो म्हणाले. "तेवीस वर्षांत तुमच्या हातून असं झालं नव्हतं, दोना लिंदाउरा."

लिंदाउराने वाद घातला नाही. तिने तापमान मोजणाऱ्या तारा बदलल्या, वजनं पुन्हा तोलली आणि दुसरी दांडी टांगली. रोज सकाळी कॉफी पिण्याआधी ती दांडी किती ताणली गेली ते मोजायची आणि कागदावर एक टिंब काढायची. टिंबं जोडली की रेघ व्हायची. चांगल्या पोलादाची रेघ कितीतरी दिवस आडवी पडून राहते. ही पहिल्याच आठवड्यात वर चढू लागली.

लिंदाउरा अराशा गावची. तिचे वडील तिथल्या नायोबियमच्या खाणीत होते. पोलादात शंभराला एक भाग नायोबियम पडलं, तर त्याचे बारीक कठीण कण धातूच्या सांध्यांत बसतात आणि लाल तापलेल्या धातूलाही सरकू देत नाहीत, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि ही दांडी तर सरकत होती.

दुसरी दांडी तीनशे अठ्ठ्याण्णव तासांवर तुटली.

त्या दुपारी लिंदाउरा माळ्यावर चढली. जुन्या वह्यांवरची धूळ झटकत तिने तीस वर्षांपूर्वीची वही शोधली. तेव्हा नळ्यांच्या पोलादात कोणी नायोबियम घालत नसे. तिने तिच्यातलं अशाच चाचणीचं पान खिडकीला टेकवलं, त्यावर आपला कागद ठेवला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

"हजार तास लिहा," सेउ वाल्दोमिरो म्हणाले. "पोलाद त्यांचं, नायोबियम त्यांचं, टिकणार हे त्यांनाच माहीत आहे. आपण फक्त हो म्हणायचंय. हो म्हटलं तर पाच वर्षांचं काम मिळणार आहे."

"टिकली नाही, सेउ वाल्दोमिरो."

"मग तुमचं काहीतरी चुकलं असेल."

"चुकलं असतं तर दोन्हींचं सारखं चुकलं नसतं. या दांड्यांत नायोबियमच नाही."

सेउ वाल्दोमिरोंनी कपाळावर हात मारला. "देशातला एवढा मोठा कारखाना, आणि त्याला तुम्ही सांगणार की तुमच्या पोलादात नायोबियम घालायला विसरलात म्हणून?"

दाखल्यावर चाचणी घेणाऱ्याचीच सही लागायची. नाहीतर सेउ वाल्दोमिरोंनी स्वतःच केव्हाच ठोकली असती.

जेवणाच्या सुट्टीत क्लेओनिसी लिंदाउराच्या शेजारी येऊन बसली. दोघी एकाच वर्षी कामाला लागल्या होत्या, पण क्लेओनिसी वयाने बरीच लहान. क्लेओनिसीने डबा उघडला, पण चमचा उचलला नाही.

"आपण सात जण आहोत इथे," ती म्हणाली. "त्या पोलादाच्या कारखान्याचं काम गेल्या वर्षीच साओ पावलोच्या प्रयोगशाळेला गेलं. हेही गेलं तर कुलूप. तुझी पेन्शन जवळ आली गं. माझी नाही."

 लिंदाउराने राजमा-भात बाजूला सारला.

"त्या नळ्यांच्या भट्टीपाशी रोज माणसं उभी राहतील, क्लेओ."

"ती माणसं तू पाहिलीयेस का? मला तर रोज पाहतेस."

लिंदाउरा उठली. ती आत गेली आणि दाखला लिहायला बसली. चारशे बारा. तीनशे अठ्ठ्याण्णव. खाली शेऱ्याच्या जागी तिने ठळक अक्षरांत लिहिलं: या धातूत नायोबियम नाही. नळ्यांसाठी वापरू नये. मग पूर्ण नावाने सही केली. 

आठवड्याने कारखान्याकडून तिथल्या धातुतज्ज्ञ डॉक्टर तर्सीला आल्या. केस पांढरे झालेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सेउ वाल्दोमिरो सुरू झाले. "आमच्या बाई जरा थकल्यात. आम्ही चाचणी पुन्हा करून देऊ, फुकट करून देऊ."

डॉक्टर तर्सीलांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "नायोबियम नाही, हे कोणी लिहिलं?"

"मी," लिंदाउरा म्हणाली. तिने जुनी वही त्यांच्यापुढे उघडली आणि रेघांवर रेघा ठेवून दाखवल्या. "तुम्हाला राग आला असेल. पण पुन्हा विचारलंत तरी मी हेच लिहीन."

क्लेओनिसी दारात उभी राहून ऐकत होती. डॉक्टर तर्सीलांनी रेघांवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"नायोबियम आम्ही मुद्दामच घातलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "अशा दांड्या सहा प्रयोगशाळांना पाठवल्या होत्या. बाकी पाच ठिकाणांहून हजार तासांचे दाखले आलेत."