दहा दिवसांची नजर

“कुत्रं कोणाचं?” हातावरचं रक्ताळलेलं फडकं सोडत डॉक्टरांनी विचारलं.

“माझंच,” प्रभाकरराव म्हणाले आणि त्यांची मान खाली गेली.

मान खाली जायला कारण होतं. अख्ख्या सिंदी मेघे गावात कुत्र्यांचं शास्त्र एकट्या प्रभाकररावांना कळायचं. संध्याकाळी वर्ध्याचं सायकलचं दुकान बंद करून, ट्रान्झिस्टर लावून ते ओट्यावर बसले की लोक आपापली कुत्री घेऊन सल्ल्याला येत. पिल्लू निवडताना कान धरून उचलायचं. केकाटलं तर घ्यायचं नाही. गूळ द्यायचा नाही, खरूज होते. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, चूक झाली की तिथल्या तिथं एक ठेवून द्यायची. मालक कोण ते एकदा समजलं पाहिजे. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन ठेवूनही द्यायचे. अशा माणसाला त्याच्याच कुत्र्यानं, झिपऱ्यानं, उजव्या हाताला कडकडून चावावं, म्हणजे गावभर हसं व्हायचीच पाळी.

“पिसाळला असंल साहेब,” प्रभाकरराव घाईनं म्हणाले. “पिसाळल्याशिवाय कुत्रं घरच्या माणसाले चावत नाई.”

“मग त्याला मारू नका,” डॉक्टर म्हणाले. “बांधून ठेवा आणि नजर ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला तर तुम्ही सुटलात. त्याआधी मेला, नाहीतर कुणी मारला, तर पोटात चौदा इंजेक्शनं.”

चौदा म्हटल्यावर प्रभाकररावांना कुत्र्याच्या तब्येतीची भलतीच काळजी लागली. त्यांनी झिपऱ्याला अंगणातल्या कडुनिंबाला साखळीनं बांधलं. भोवती सावली आहे ना, तेही पाहिलं. पण मनात सगळं ठरलं होतं. कुत्र्यांना घालतात त्या कुचल्याच्या विषाची पुडी आणून त्यांनी फळीवर ठेवली. दहा दिवस काढायचे आणि अकराव्या दिवशी भाकरीतून द्यायची. बायकोला, शकुंतलाबाईंना, तसं सांगूनही टाकलं. नवऱ्यापुढं त्या कधी बोलतच नसत.

गल्ली रोज कुत्रा पाहायला येऊ लागली. लाळ गळते काय, पाण्याला भितो काय, उजेडाला दचकतो काय. पलीकडच्या घरातले डोमाजी तर उकिडवे बसून त्याचे डोळे तपासायचे. कुणी म्हणालं, दात काढून टाका. कुणी म्हणालं, कुत्र्याचं खानदानच पाहून घ्यायला पाहिजे होतं. शकुंतलाबाई भाकर कुस्करायच्या आणि ताटली एका हातानं पुढं सरकवायच्या. दुसऱ्या हाताचं मनगट सुजून टम्म झालं होतं, त्यावर हळद लावून फडकं बांधलं होतं. कुत्र्याच्या बुबुळापर्यंत वाकून पाहणाऱ्या एकाही शहाण्याला ते दिसलं नाही. सांगताना आजही संताप येतो.

झिपऱ्या मात्र खात होता, पीत होता, माश्या हाकलत होता. ओळखीचं कुणी आलं की शेपूट हलवत होता. पाचव्या दिवसानंतर लोकांचा उत्साह मावळला. पिसाळायला तयार नसलेल्या कुत्र्याला पाहायचं तरी किती?

अकराव्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा गर्दी झाली. डोमाजी आले, शेजारचे भैयाजी आले, आणखी चारपाच जण आले. झिपऱ्यानं सगळ्यांसमोर वाटीभर पाणी लपलप करून संपवलं. प्रभाकररावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फळीवरची पुडी काढून आणली.

“सुटलो बुवा,” ते म्हणाले आणि बायकोकडं वळले. “भाकर आन. याचा निकाल लावून टाकू.”

“भाकर नाई भेटत,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्यांना नवऱ्याला उलटून बोलताना कुणीच ऐकलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

“पण वैनी,” भैयाजी समजुतीच्या सुरात म्हणाले, “पिसाळला नाई, तं मंग चावला काऊन?”

“यायनं काठी उगारली होती म्हणून. कुत्र्यावर नाई, माह्यावर.” त्यांनी बांधलेलं मनगट पुढं केलं. “पयली इथं बसली. दुसरी त्यानं बसू नाई देली.”

डोमाजी जमिनीकडं पाहू लागले. आता सगळ्यांनाच ते मनगट दिसत होतं.

“घरातलं घरात ठेव,” प्रभाकरराव ओरडले. “आत जाय म्हनतो ना.” सवयीनं त्यांचा हात वर गेला. झिपऱ्या उठून उभा राहिला. भुंकला नाही, गुरगुरलाही नाही, नुसता पाहत राहिला. हात आपोआप खाली आला.

शकुंतलाबाई आत गेल्या नाहीत. त्या सरळ कडुनिंबाशी गेल्या आणि एका हातानं साखळी सोडली. जमलेले लोक चारपाच पावलं मागं सरले. झिपऱ्या कुणाच्या अंगावर गेला नाही, त्यांच्या पायाशी येऊन बसला. त्यांनी साखळी उचलली आणि नवऱ्यापुढं टाकली.

“तुमीच म्हनता, पिसाळल्याशिवाय कोनी घरच्या माणसाले चावत नाई,” त्या म्हणाल्या. “कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली, तो शहाणा निघाला. तुमच्यावर मी बावीस वर्षं ठेवून राह्यली.”