एक वाफा जवळ

बुजगावणं आज आणखी एक वाफा पुढे आलं होतं.

शेतीबाई दारातच थबकल्या. मुळात बांधाजवळ रोवलेलं बुजगावणं काल कांद्यात होतं, आज मिरच्यांत. दोन्ही हात पसरून, तोंड बायकांच्या खोलीकडे करून ते धुक्यात उभं होतं. आता खोलीत आणि त्याच्यात एकच वाफा उरला होता.

लढाईतून वाचलेल्या बायकांना शेती शिकवायला बाई इथे आल्या होत्या. मातीत हात घातला की मन निवतं, असं त्यांचं ठाम मत. बायकांचं मत विचारायचं मात्र राहून गेलं होतं. पाखरं रोपं खुडायला लागली तेव्हा त्यांनी काठीला आडवी काठी बांधली, वर मडकं ठेवलं आणि जुन्या कपड्यांच्या ढिगातून हाताला आला तो कोट चढवला. हिरवट, पितळी बटणांचा. असले कोट लढाईत कोण घालतं हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. बायकांच्या लगेच आलं. त्या दिवसापासून खुरपी खुंटीला लागली ती लागलीच.

तेव्हाच ते उपटायला हवं होतं. पण पाखरं खरोखरच फिरकेनाशी झाली होती आणि स्वतःच्या हातचं काम मोडणं बाईंच्या जिवावर आलं. मग ते चालायला लागलं. पहिल्या दिवशी बाईंनी थट्टा केली, की आपल्या गड्याला पाय फुटले. कुणी हसलं नाही. स्वयंपाक बघणारी मावशी एवढंच म्हणाली, "तो आम्हाला न्यायला येतोय."

आज सगळ्यांनी बोचकी बांधली होती. कुठे जाणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घर एकीचंही उरलं नव्हतं.

बाईंनी काडेपेटी घेतली आणि तरातरा वाफ्यातून निघाल्या. एकदाची त्या कोटाची राख करायची. त्या चार पावलांवर पोचल्या आणि बुजगावणं हललं. वारा नव्हता. मडकं डुललं, काठी जमिनीतून वर उचलली गेली, आणि कोट त्यांच्याच दिशेनं पुढे आला. त्यांची नजर खाली गेली. कोटाखाली दोन अनवाणी पाय होते.

कोटाच्या मागे काठीला मिठी मारून, डोळे गच्च मिटून घुमी उभी होती. आल्यापासून कुणाशी अवाक्षर न बोललेली, कोट पाहून पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडलेली घुमी. घामानं ती नुसती निथळत होती.

"अगं, तूच?" बाईंचा आवाज चिरकला. "एवढी भीती वाटते ना याची? मग रोज जवळ का आणतेस?"

"एका दिवसाला एकच वाफा जमतो," घुमी म्हणाली. "मग हात कापायला लागतात."

तिनं डोळे उघडले आणि खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे तिनं पहिल्या आठवड्यात लावलेला घेवडा आधाराविना मातीत लोळत होता.

"त्याला काठी हवीय, बाई."

"काठ्यांना काय तोटा आहे इथे?"

"मला हीच हवी."

दारात बायका जमल्या होत्या. मावशीनं बोचकं उंबऱ्यावर ठेवलं, ती वाफा ओलांडून आली आणि तिनं कोटाचं पहिलं बटण सोडलं.