झोकांड्या

बहरीनमध्ये ड्रायव्हर असलेल्या शिवदासचा चालताना तोल जाऊ लागला, म्हणून तो पुण्याहून आलेल्या डॉक्टर शुभदाबाईंकडे गेला. त्यांनी त्याच्या हनुवटीवर बोट ठेवून त्यावर छोट्या हातोडीनं हलकेच ठोकलं, तसा जबडा झटकन मिटला. गुडघ्यावर ठोकलं, तसा पाय जोरात उडाला.

"लहान मेंदूची झीज दिसतेय. बरेचदा हे घराण्यातून येतं. तुमच्या घरात आणखी कुणाला होतं?"

"नाही बाई. वडील असेच झोकांड्या खायचे, पण ते दारूनं."

"पिताना कुणी पाहिलं त्यांना?"

"कुणीच नाही. ते देवाची शपथ घ्यायचे, पण आम्हाला खरं वाटायचं नाही."

शिवदासनं आपल्या पायांकडे पाहिलं.

"गावी आईला कळवायला हवं," तो हळूच म्हणाला. "ती अजून त्यांच्या फोटोला हार घालत नाही."