कागदाचा पंख

"फुंक. वरून फुंक, खालून नाही," बाबा म्हणाला.

चिमीनं गाल फुगवून कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी टुणकन वर आली.

"अय्या, उडाली!"

"वरून वारा सुसाट पळतो आणि खालची हवा पट्टीला वर ढकलते. विमानाचा पंखही असाच." रात्रपाळीनं बाबाचे डोळे मिटत होते, पण विमानं दुरुस्त करणाऱ्याच्या पोरीला एवढं तरी यायला नको? त्यानं पट्टीची मागची कड दुमडली. "ही हलती फळी. ही हलली तरच विमान वळतं. आज हिचंच काम केलं मी."

चिमीनं घडीत पेन्सिलीचं थोटूक खुपसलं. "आता हलव!"

घडी हलेना. चिमी खदखदून हसली. "अडकलं! बाबा, माझी टॉर्च दे ना, आत बघू या."

नवे सेल घालायला दिलेली टॉर्च बाबाच्याच खिशात होती. त्यानं हात घातला. खिसा रिकामा. जॅकेट झटकलं, पिशवी उपडी केली. आणि त्याला आठवलं. कामाची टॉर्च ऐनवेळी विझली, म्हणून पंखात वाकताना त्यानं चिमीचीच, नवे सेल घातलेली, काढली होती. नंतर नेहमीसारखी हत्यारं तपासली, एकूण एक हत्यार पेटीतल्या आपापल्या खाचेत होतं. चिमीच्या टॉर्चला खाचच नव्हती.

"अहो, गाडीत पडली असेल," आई म्हणाली. "उगाच फोन कराल आणि नोकरी घालवून बसाल."

बाबानं त्या अडकलेल्या घडीकडे पाहिलं आणि फोन लावला.

"साहेब, विमान थांबवा. डाव्या पंखात माझी टॉर्च राहिलीय."

"अरे, माणसं बसलीत आत! नक्की?"

"नक्की नाही. पण थांबवा."

पलीकडे साहेब कुणावर तरी ओरडले, मग फोनवर आले. "थांबवलंय. तू ये. येताना विमानतळाचा पास आण, चौकशी होईपर्यंत जमा करावा लागेल."

आईनं पिशवीतून पडलेला पास उचलून दिला. बाबा बूट चढवू लागला.

"बाबा, टॉर्च चालू ठेवलीस ना?" चिमीनं विचारलं. "म्हणजे शोधणाऱ्या काकांना लगेच दिसेल."

"बंद केली गं," बाबा म्हणाला. "तूच बजावलं होतंस ना, सेल संपतात."